माझंच रक्त, माझ्याच टाचेत

४ फेब्रुवारी

ही डायरी नवऱ्याच्या दुकानातून आली. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. काचांची कंपनी दर वर्षी त्याला एक डायरी देते आणि ती कपाटात पडून राहते. या वर्षी म्हणाला, तू लिही. मी म्हटलं, काय लिहू, चौथीत शाळा सुटली माझी. तर म्हणतो, मला जे ऐकवतेस ते लिही. म्हणजे स्वतःचे कान वाचवायची युक्ती. बरं, लिहिते. तोंडावर त्याला अहो-जाहो करते, इथे करणार नाही. वही माझी आहे.

तर टाच. उजवी. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की खालून खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की खिळा बोथट होतो आणि दुपारनंतर पुन्हा टोक काढतो. दोन वर्षं हेच चाललंय.

मी लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर आहे. टेबलाएवढी गादी, तिच्यावर तेवढंच झाकण. कपडा पसरायचा, उजव्या पायाने पेडल दाबायचं, झाकण खाली येतं, वाफ सुटते. पुन्हा दाबायचं, झाकण वर. दिवसभर हेच. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे डगले, वेटरांचे कोट. ज्या पायावर पोट, तोच पाय गेला. त्या प्रेसवर मी लग्नाच्या आधीपासून आहे. प्रेस आधी आला, नवरा नंतर.

आज मालकाने बोलावलं. म्हणाला, बाई, तुमच्यापुढचा ढीग संध्याकाळपर्यंत उतरत नाही. उन्हाळा संपेपर्यंत थांबतो, पाय बरा करा, नाहीतर प्रेस त्या नव्या पोरीला देतो आणि तुम्ही घडीच्या टेबलावर बसा. बसा म्हणे. तिथे कोण बसतं ते अख्ख्या लाँड्रीला ठाऊक आहे. ज्यांचं काहीतरी संपलंय त्या बसतात, रुमालांच्या घड्या घालतात आणि एकमेकींच्या सुनांची मापं काढतात.

नवी पोरगी म्हणजे लांबूडकी. विजेच्या खांबासारखी वाढलीय. मला मावशी म्हणते. कुणाची मावशी?

११ फेब्रुवारी

आजवर तीन डॉक्टर झाले. पहिल्याने सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, त्या इतके दिवस खाल्ल्या की छातीत चूल पेटली. दुसऱ्याने टाचेत एक इंजेक्शन ठोकलं, ते जेमतेम एक हिवाळा टिकलं. तिसरा म्हणाला वजन कमी करा. त्याचं स्वतःचं पोट त्याच्या आधी टेबलाशी पोचत होतं.

आज चौथी. ही बाई आहे. नवऱ्यानेच शोधली, तिच्या चष्म्याच्या काचा त्याने घासल्यात. वयाने माझ्या भाचीएवढी. तिने टाच हातात धरून अंगठ्याने एका जागी दाबली आणि माझ्या तोंडून असा शब्द गेला की नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. ती मान वर न करता म्हणाली, “हं, इथेच.”

मग समजावलं. तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, तो माझा टाचेपाशी झिजलाय. दुखणं इतकं जुनं झालंय की शरीराने ते सांधायचं सोडून दिलंय. तर माझ्याच दंडातून रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला सांधणारा भाग वेगळा काढायचा आणि टाचेत टोचायचा. म्हणजे शरीराला आठवण होते की इथे काम पडलंय.

मी विचारलं, रक्त माझं?

तुमचंच, काकू.

आणि पैसे?

तेही तुमचेच, म्हणाली आणि हसली. नवरापण हसला. मी नाही हसले.

एक मात्र तिने सरळ सांगितलं. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, खात्री देणार नाही. आधीचे तिघे खात्री देत होते, म्हणून हिच्यावर जरा विश्वास बसला. फार नाही.

१९ फेब्रुवारी

झालं एकदाचं.

तिचं मशीन म्हणजे आमच्या लाँड्रीतल्या पिळायच्या मशीनचं पोरगं. गरगर फिरतं. आमच्याकडे पाणी निथळतं, तिच्याकडे लाल खाली बसतं आणि वर पिवळट पाणी राहतं. तेवढ्यासाठी एवढं रक्त. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई टाचेत. त्याबद्दल मी लिहिणार नाही. बाहेर आले तर नवऱ्याचं तोंड असं, जसं काही त्यालाच टोचलंय.

डॉक्टरीणबाईने दोघांना समोर बसवून बजावलं. आता दुखेल, आधीपेक्षा जास्त दुखेल. सूज येईल. ती सूज म्हणजेच काम चालू आहे. सूज उतरवायच्या गोळ्या बिलकूल नाहीत, बर्फ नाही. अगदीच सहन झालं नाही तर तापाची साधी गोळी चालेल. पुढचे काही आठवडे सूज मारलीत तर केलेलं सगळं पाण्यात.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, माझ्या डब्यातल्या जुन्या गोळ्या फेकून द्या. हो म्हणाला.

२० फेब्रुवारी

दुखतंय.

२१ फेब्रुवारी

पलंगावरून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेले. भिंतीला शिव्या, फरशीला शिव्या, नवऱ्याला शिव्या. तो म्हणाला, डॉक्टरना फोन करू का. मी म्हटलं, कशाला, तिने सांगितलं होतं ना दुखेल म्हणून. दुखू दे. तुम्ही मध्ये मध्ये करू नका. तर जाऊन त्याच्या टेबलापाशी बसला. घरी एक छोटं टेबल आहे त्याचं, तिथे जुन्या काचा पुसत बसतो.

२५ फेब्रुवारी

नवऱ्याला काय झालंय कोण जाणे, सकाळचा चहा तोच करतो. इतक्या वर्षांत याला चहाची पूड कुठे असते ते माहीत नव्हतं. आता मी उठायच्या आत कप हातात. नुसता पाक. एवढी साखर टाकतो की ओठ चिकटतात, तरी मागून कडवट लागतो तो लागतोच. मी म्हटलं, चहा करताय की औषध? म्हणाला, अंगात ताकद यायला पाहिजे. उकळत ठेवत असेल जास्त. पुरुषाच्या हातचं असंच.

पाय मात्र उतरला. डॉक्टरीण म्हणाली होती आठ-दहा दिवस जाळेल. माझा तिसऱ्या-चौथ्या दिवशी गार झाला. रक्तच चांगलं आहे माझं.

४ मार्च

कामावर गेले. मालकाने तूर्त घडीच्या टेबलावर बसवलं, मधूनमधून तासभर प्रेस. तूर्त म्हणाला म्हणून ऐकलं.

माझ्या प्रेसवर लांबूडकी. पेडलवर तिने एक टॉवेल दुमडून बांधला होता. मी सोडून फेकून दिला. तेव्हा म्हणते, “मावशी, तुमच्यासाठीच बांधला होता. पेडल टोचतं तुम्हाला.” तुला कुणी सांगितलं होतं, म्हटलं.  या अशा गोड बोलूनच जागा घेतात. आणि चादरीचा काठ आधी दाबते, मध्य नंतर, मग सुरकुती पडणार नाही तर काय होणार.

छातीत पुन्हा जळजळ सुरू झालीय, गोळ्या खायचे तेव्हा व्हायची तशी. रागाने होत असणार. राग येण्यासारख्या गोष्टी काय कमी आहेत.

१६ मार्च

पायाची तऱ्हा कळत नाही. सकाळी कामावर पोचेपर्यंत हलका, अगदी पूर्वीसारखा. दुपारी जेवणानंतर खिळा परत. रोज हेच.

रविवारी नवरा पहाटेच धाकट्या दिराकडे गेला, त्याचं घर बदलायचं होतं. सगळा दिवस पाय ठणकला. संध्याकाळी आला तेव्हा सुनावलं, तुम्ही घरात नसलात की माझा पायसुद्धा बिघडतो, आता तरी कळलं का किती कामं माझ्या एकटीवर पडतात. त्याने रिकामा कप उचलला आणि उगाच विसळत बसला.

त्याच्या मनात काहीतरी आहे. माझ्याकडे बघत नाही. वाटलं, दुकानातून काढलं की काय. विचारलं तर नाही म्हणाला.

२ एप्रिल

आज एवढी चिडलेय की अक्षर नीट येत नाही.

पाय दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईने पडद्यावर टाच बघितली, दाबून बघितली, पुन्हा पडदा बघितला. म्हणाली, काहीच हललेलं नाही. मग विचारत गेली. पहिले दिवस किती दुखलं, सूज किती होती, किती दिवस. मी सांगितलं, दोन-तीन दिवस, मग गार. सकाळी बरा असतो, दुपारी परत. छातीतली जळजळही सांगितली. तिने पेन खाली ठेवलं.

“काकू, खरं सांगा. त्या गोळ्या घेत होतात ना?”

मी म्हटलं नाही. ती म्हणाली, रागावणार नाही मी, पण हे गोळ्या घेतल्यावरच होतं, सगळं तसंच दिसतंय. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तर म्हणते, बरेच जण घेतात आणि सांगत नाहीत.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन वर्षं सहन केलं, इंजेक्शननंतर गोळीला हात लावला नाही, भिंतीला धरून चालले, आणि ही कालची पोर मला खोटारडी म्हणते. मी उठले. म्हटलं, तुझं औषध लागू पडत नाही म्हणून माझ्यावर ढकलतेस, चोराच्या उलट्या बोंबा. अहो-जाहो गेलं, सगळं गेलं. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. दार आपटून आले.

मालकालाही सांगून टाकलं की फुकट गेलं ते इंजेक्शन. तो म्हणाला, मग काय करायचं बाई. म्हणजे झालंच.

२ एप्रिल, पुन्हा

वर लिहिलं तेव्हा नवरा घरी आला नव्हता.

आल्यावर त्याला सगळं ऐकवलं. पहिल्यापासून. ती असं म्हणाली, मी असं म्हणाले, माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ, या वयात. तो चपलाही न काढता दाराशी उभा. मी म्हटलं, तुम्ही उद्या जा आणि तिला सांगा की माझी बायको खोटं बोलत नाही. तुमच्या दुकानातली गिऱ्हाईक आहे ना, सांगा तिला.

तो म्हणाला, “तू खोटं बोलत नाहीस. ती पण बोलत नाही.”

मला कळेना. मग त्याने सांगितलं. जुन्या गोळ्या त्याने फेकल्या नव्हत्या. रोज सकाळी एक, त्याच्या टेबलावर, काचेवर घोटून, पिठापेक्षा बारीक. आणि माझ्या चहात. पाकीट संपलं तेव्हा नवीन आणलं.

मी कपाटातून डबा काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. लागला त्याला, खांद्यावर. तो हलला नाही. हललाही नाही म्हणून जास्तच राग आला.

९ एप्रिल

बोलत नाही मी. चहा माझा मी करते. तो दुकानाशेजारच्या टपरीवर पितो.

लोकांचे नवरे दारू पितात, मारतात, दुसरीकडे जातात. त्यांना भांडता येतं. माझ्या नवऱ्याने माझ्यावर दया केली, आता याचं काय करू. कुणाला सांगू. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीला अर्धवट सांगितलं तर म्हणते, नशीब लागतं बाई असा माणूस मिळायला. नशीब. माझ्या पोटात काय जातंय ते मला माहीत नाही, आणि मी नशीबवान.

रक्त माझं, टाच माझी, दुखणं माझं. ते सहन करायचं की नाही हेसुद्धा याने ठरवायचं? मी दातओठ आवळून एक गोष्ट धड करत होते आणि हा माझ्या मागून ती उसवत होता. रोज. गोड करून.

आणि मी त्या पोरीला चारचौघांत काय काय बोलले.

१४ एप्रिल

नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईकडे गेले. वाटेत अक्षर नाही. तिच्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, सांगा.

तो बोलत नाही फारसा. दुकानातही मागच्या खोलीत असतो, गिऱ्हाइकांशी दुसरे बोलतात. कॉलरला हात लावत लावत त्याने सगळं सांगितलं, गोळी कुठली, किती दिवस, घोटायची कशी तेसुद्धा. तिने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. मग तिने त्याला झापलं, आणि काय झापलं. पोटात रक्त सुटलं असतं तर? तुम्हाला कुणी अधिकार दिला? मला बरं वाटायला पाहिजे होतं. थोडंसं वाटलंही. पण तो खाली बघून एवढासा झाला तेव्हा म्हणावंसं वाटलं, पुरे झालं, त्याला मी बोलते, तू कोण. नाही म्हटलं.

मग तिने विचारलं, काकूंना सांगून का नाही दिल्या?

“घेतल्या नसत्या तिने.”

मग दिल्याच कशाला?

त्याने कॉलरचं बटण काढलं, परत लावलं.  मग म्हणाला, “जागेपणी ओरडते, त्याची मला सवय आहे. पण त्या दोन रात्री ती झोपेत रडली. ते मला ऐकवत नाही.”

मी म्हटलं, काहीतरी काय बोलताय. मी रडत नाही. आई गेली तेव्हा रडले नव्हते. तो म्हणाला, तेव्हाही रडली होतीस. झोपेत.

 डॉक्टरीणबाईने चष्मा परत घातला.

मी मुद्द्यावर आले. विचारलं, इंजेक्शन फुकट गेलं ते गोळ्यांमुळे की मुळातच लागू पडलं नव्हतं? तिने सरळ सांगितलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. गोळ्यांनी बिघडलं असेल, किंवा तुम्ही ज्यांना गुण येत नाही त्यातल्याही असाल. पुन्हा एकदा करून बघता येईल. गोळ्या बंद होऊन पोट निवळू दे, मग. पण या वेळी नंतर बराच काळ पेडल नाही. पावसाळा निघून जाईल.

त्या दिवशी तुला जे बोलले ते गिळ, असं मी तिला म्हणाले. माफी मला येत नाही. तिला कळलं बहुतेक.

२१ एप्रिल

मालकाला सांगितलं की दुसरं इंजेक्शन घेणार. तो म्हणाला, एवढं थांबता येणार नाही, बाई. उन्हाळा म्हणालो होतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, पूर्वी गोळ्या खाऊन काम करत होतातच की, आताही सकाळी चांगला हात चालत होता तुमचा. तेवढं करा आणि राहा प्रेसवर.

खरं आहे. चालत होता. नवऱ्याचा तो चहा प्यायले असते तर प्रेस माझाच राहिला असता. एवढं सोपं आहे ते. सगळी दुपार घड्या घालत मी हाच विचार केला. गोळी खायची, पेडल दाबायचं, छाती जाळायची, आणि पट्टा एक दिवस पुरता तुटला की मग बसायचंच आहे घडीला.

पण खरं कारण ते नाही. मला चीड येते ती याची की माझ्या टाचेत काय आहे ते मला कधी कळूच दिलं नाही. एकदा तरी बघू दे, नुसतं माझं रक्त आणि माझी टाच, मध्ये कुणी नाही. मग नाही लागू पडलं तर नाही.

संध्याकाळी मालकाला म्हटलं, द्या प्रेस तिला. तोंडातून निघालं आणि वाटलं ओरडावं. ओरडले नाही. जाता जाता लांबूडकीला सांगितलं, चादरीचा मध्य आधी, काठ नंतर. ती म्हणाली, हो मावशी. आज मी तिला काही बोलले नाही. मावशी तर मावशी.

२८ एप्रिल

घडीचं टेबल. इथे बसून कुणाच्या सुनेला काय येत नाही ते सगळं पाठ झालं. मालकाने दोनदा चुकून माझ्या नावाने हाक मारली, तुमच्या प्रेसची वाफ कमी झालीय का बघा म्हणून. मग आठवलं त्याला. मी उठलेही होते.

नवऱ्याशी बोलायला लागले. किती दिवस गप्प बसणार, माझाच घसा आखडला. बोलले म्हणजे सुनावलं. तो ऐकून घेतो. घरात आता एकही गोळी नाही, मी स्वतः शोधून फेकल्या, त्याच्या टेबलाचे ड्रॉवरसुद्धा उलटे केले. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी तो दिराकडे जाऊ का म्हणून विचारत होता, म्हणजे हातून पुन्हा काही व्हायला नको. मी म्हटलं, कुठेही जायचं नाही. त्या वेळी तुम्हाला ऐकवलं नाही ना, या वेळी बसून ऐकायचं. सगळं. हीच तुमची शिक्षा.

बरं, म्हणाला.

१२ मे

काल दुसरं झालं. तसंच दंडातून, तसंच गरगर, तीच सुई.

आज दुखणं चढलंय. गेल्या वेळी हे इथपर्यंत पोचलंच नव्हतं, आता कळतंय. टाच माझी नाही असं वाटतं, कुणीतरी तापलेली वस्तू पायाला बांधून गेलंय. सूज घोट्यापर्यंत. डॉक्टरीणबाईला फोन केला, तिने चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाली, बरोबर चाललंय. मी म्हटलं, तुझं बरोबर चाललंय.

नवऱ्याने दुकानातून सुट्टी घेतलीय. सकाळपासून पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसलाय. मी ओरडले. त्याला, डॉक्टरणीला, मालकाला, प्रेसला, जे आठवलं त्याला. त्याने पाणी दिलं, उशी पायाखाली सरकवली, बाकी काही केलं नाही.

दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि माझी उशी गालाखाली ओली होती. तो तिथेच. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, आपले हात आपल्याला न विचारता काहीतरी करतील अशी भीती असल्यासारखा. तोंड पांढरं.

म्हटलं, काय बघताय?

काही नाही म्हणाला.

मी रडत नव्हते.

नाही, म्हणाला.

दुखतंय. अजून जास्त दुखेल असं वाटतंय. या वेळी माझ्या मनासारखं दुखतंय.